दानम व्हॅलीत गाइड कशासाठी
पावसाळ्यात दाजीपूरचे जंगल तुडवलेल्या कोल्हापूरकराने बोर्नियोत गाइडवर पैसे का घालवावेत, असे कुणी विचारले, तर जळवांची सवय आपल्याला आहेच, एवढ्यापुरता तो मुद्दा मला मान्य आहे. मात्र तिथली पट्ट्यापट्ट्यांची जळू झुडपांच्या पानांवर टपून असते आणि तिचा चावा चांगलाच झोंबतो.

खरा फरक प्राणी शोधण्यात पडतो. ओरांगउटान बहुधा रोज संध्याकाळी फांद्या मोडून झाडावर नवे घरटे बांधतो. बोर्नियोतल्या मलेशियाच्या सबा राज्यातील दानम व्हॅलीच्या जंगलात पाने वाळून तपकिरी झालेली घरटी आमच्या गाइडने सोडून दिली, अंधार पडताना फांद्या मोडल्याच्या आवाजावरून ताजे घरटे हेरले आणि पहाटे आम्हाला त्याखाली उभे केले. बऱ्याच वेळाने लालसर केसांचा एक लांब हात बाहेर आला. दाजीपूरच्या गव्यांची सवय असलेले आम्ही तोवर जमिनीकडेच पाहत होतो!