मदत हवी आहे: मेश वायफाय दिवसभर तुटतंय (विडी घरकुल, सोलापूर)

टॉवेल_किंग (धागाकर्ता)
तीन डब्यांचं मेश लावलंय (एकमेकांना जोडून घरभर एकच वायफाय देणारे राउटर). नेट सारखं तुटतं. फोनवर वायफायच्या रेघा पूर्ण, खाली मात्र 'कनेक्टेड, नो इंटरनेट'. दोन-तीन मिनिटांनी आपोआप येतं. रीसेट झालं, फर्मवेअर अपडेट झालं. कंपनीचा माणूस स्पीड टेस्ट दाखवून गेला, म्हणे १०० एमबीपीएसचे १०० येतायत. ई-वे बिल भरताना मधेच लॉगआउट होतंय. संध्याकाळपर्यंत उपाय पाहिजे. 'बंद करून चालू करा' सांगणाऱ्यांनी तसदी घेऊ नये.

कडक_भाकरी
डबे कुठं कुठं ठेवलेत? मधे वायर आहे की सगळं हवेतून? तुटतं तेव्हा तिन्हीकडं तुटतं की एकाच ठिकाणी? हे न सांगता संध्याकाळ काय, दिवाळी उजाडेल.

नेटगुरू_४१३
फायबरचा डबा ब्रिज मोडमध्ये टाका, म्हणजे तो राउटरचं काम सोडून नेट नुसतं पुढं देईल. आत्ता तोही राउटर, मेशही राउटर, म्हणजे डबल नॅट, पत्त्यांची अदलाबदल दोनदा. सगळ्या भानगडींचं मूळ तेच.

कडक_भाकरी
डबल नॅटनं बाहेरून कॅमेरे बघायला अडचण येते, काही गेम रुसतात. दोन मिनिटं नेट जाऊन परत येत नाही. दोन्हीकडं १९२.१६८.१.१ हाच पत्ता असेल तर गोंधळ होतो, पण बहुतेक मेश स्वतःच पत्ता बदलून घेतात.

टॉवेल_किंग
एक हॉलमध्ये, एक मागं कारखान्यात, एक वरच्या मजल्यावर. वायर नाही. हॉलमध्ये कधीच तुटत नाही. कारखान्यात आणि वर तुटतं. आता सांगा.

शेंगाचटणी
५ गिगाहर्ट्झचा चॅनल बघा. ५२ ते १४४ मधला असेल तर रडारची भानगड, त्या पट्ट्यात रडारंही चालतात. चाहूल लागली की राउटरला १० सेकंदांत चॅनल सोडावा लागतो आणि नवा चॅनलही त्याच पट्ट्यातला निवडला तर आधी किमान ६० सेकंद नुसतं ऐकत बसावं लागतं. हवामानाची सी-बँड रडारं १२० ते १२८ च्या आसपास असतात. कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं सोलापुरात असंच रडार लावलं होतं. ३६ ते ४८ मधला चॅनल कायमचा निवडून टाका.

कडक_भाकरी
चॅनल कोणता ते अजून कळलं नाही, तोवर रडार आलंसुद्धा! हॉल ठणठणीत आहे, म्हणजे फायबर आणि कंपनी दोघं सुटले. आता दोन गोष्टी बघा.

ॲपमध्ये प्रत्येक डब्याचा अपटाइम, म्हणजे तो किती वेळ सलग चालू आहे ते बघा. नेट तुटल्यावर तो शून्यापासून सुरू झालेला दिसला तर डबा चक्क बंद पडून चालू होतोय, म्हणजे वीज. अपटाइम चालूच असेल तर डब्याडब्यांतला दुवा तुटतोय, म्हणजे सिग्नल.

वरच्या मजल्यावर लॅपटॉपवर दोन खिडक्यांत पिंग (उत्तर येतं का ते सारखं विचारणारी कमांड) चालू ठेवा, एक हॉलमधल्या मुख्य डब्याला, एक बाहेरच्या ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला. मुख्य डब्याचंच उत्तर थांबलं तर बिघाड घरातच.

जुळे_सोलापूर_वाला
३०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या. वर्षाचे पैसे एकदम भरले की महिन्याला स्वस्त पडतो.

शेंगाचटणी
प्लॅन कोणी विचारलाय ओ?

टॉवेल_किंग
चॅनल ४४. कारखान्याचा डबा २५ मिनिटांपूर्वी चालू झालाय, तेव्हाच यंत्रमाग सुरू केले होते. वरचा कित्येक दिवस सलग चालू आहे, पण तो हॉलला जोडलेला नाही, कारखान्याच्या डब्याला जोडलेला दाखवतो. त्या दुव्याचा सिग्नल उणे ७९ डीबीएम. पिंग दोन्हीकडं एकदमच थांबतं.

ओहमचा_नियम
कारखान्यातल्या डब्याच्या अडॅप्टरवर काय छापलंय?

टॉवेल_किंग
१२ व्होल्ट १ अँपियर. सेट-टॉप बॉक्सचा आहे, मूळचा जळाला. पिन बसते, दिवा लागतो. त्याचा काय संबंध?

ओहमचा_नियम
सगळा संबंध त्याचाच. डब्याच्या बुडाशी लेबल आहे, तिथं बहुधा १.५ किंवा २ अँपियर असेल. डबा निवांत असताना १ अँपियरवर चालतो. आतले वायफायचे रेडिओ पूर्ण जोरानं बोलायला लागले की ओढ वाढते, १२ व्होल्ट खाली येतात आणि प्रोसेसर रीसेट होतो. त्यात मागाची मोटर थेट सुरू करताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते. त्या क्षणी लाइनचा दाब बसतो. दमाचा अडॅप्टर तेवढा धक्का पचवतो, हा आधीच टेकीला आलाय. नवा घेताना व्होल्ट तेवढेच, अँपियर लेबलाएवढे किंवा जास्त, पिनचा मधला भाग प्लस की मायनस तेही जुळवा.

कडक_भाकरी
आणि वरचा डबा त्याच्यावर टांगलेला, म्हणून तो पडला की वरही अंधार. ॲपमध्ये वरच्याला हॉलचा डबा ठरवून द्यायची सोय असेल तर द्या, नसेल तर जिन्याच्या तोंडाशी आणा. हॉलकडून सिग्नल उणे ६५ च्या आत दिसला पाहिजे, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. फोनच्या रेघा पूर्ण दिसतात त्या जवळच्या डब्याच्या, डब्याडब्यांतल्या दुव्याचं त्यातून काही कळत नाही.

नेटगुरू_४१३
कारखान्याला पत्रे असतील तर हवेतून नादच सोडा. कॅट-६ नेटवर्क केबल ओढा.

टॉवेल_किंग
पत्रेच आहेत. मीटर वेगळं, थ्री फेज. अंतर ६० फूट.

ओहमचा_नियम
दोन मीटर म्हणजे दोन अर्थिंग. शील्डवाली केबल नको, तिच्या जाळीतून दोन्ही अर्थिंग जोडल्या जातात. साधी यूटीपी, म्हणजे बिनाशील्डची, अस्सल तांब्याची. स्वस्तात मिळते ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते. थ्री फेजच्या वायरीपासून फूटभर लांब, ओलांडायचीच तर काटकोनात.

शेंगाचटणी
उघड्यावरून तांबं कशाला? वळवाच्या पावसात वीज कडाडली की दोन्हीकडचे पोर्ट जातील. फायबर टाका, दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबरचं नेटवर्क केबलला जोडून देणारे डबे.

नेटगुरू_४१३
६० फुटाला फायबर! कन्व्हर्टर दोन, त्यांचे अडॅप्टर दोन. परत अडॅप्टरच की!

ओहमचा_नियम
मीटर वेगळं असेल तर फायबर चूक नाही. पण आधी अडॅप्टर बदला, दोन दिवस अपटाइम बघा, मग खर्च करा. डबा मागाजवळ असेल तर जाळीत सुताची धूळ बसते, ती ब्रशनं काढा. पत्र्याखाली मे महिन्यात नुसत्या उष्णतेनंही बंद पडतो, फूटभर खाली घ्या.

टॉवेल_किंग
लेबलवर २ अँपियर आहे. अडॅप्टर आणायला माणूस पाठवलाय. केबल ६० फूटच सांगू ना?

कडक_भाकरी
६० फूट सरळ मोजलंत की भिंतीवरची चढउतार धरून?