जुन्या कोब्यावर लाल रंग: कुणी केलंय का?

गुलमोहर
दापोलीजवळ सासरचं घर आहे. पडवी आणि माजघर मिळून ३२० चौरस फूट. बारा वर्षांचा करडा कोबा. आता पायाला खरखरतो, केर काढला की सिमेंटची भुकटी निघते, माजघरात एक लांब तडा. जुन्या घरांत असायचा तसा लाल, थंडगार कोबा हवाय. बजेट २५ हजार, वर एक रुपया नाही. टाइल्स नकोत. गणपतीच्या आधी व्हायला हवं.

चकाचक
टाइल्स लावा. आम्ही गेल्या दिवाळीत दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड लावल्या, दीड लाखात हॉल आणि दोन खोल्या. पुसलं की तोंड दिसतं.

पडवीतला_बाक
टाइल्स नकोत असं लिहिलंय हो त्यांनी.
गुहागरला आमच्या आजोळचा लाल कोबा माझ्या आईपेक्षा जुना आहे, अजून पाय घसरेल असा गुळगुळीत. आजी खोबरेलात चिंधी बुडवून पुसायची, वर नारळाच्या सोडणाने घासायची. तो कोबा घोटणारे गवंडी आता राहिले नाहीत. तुम्हाला मिळणार नाही.

खारवलेला
काही करा, इपॉक्सी (जमिनीवर ओतायचा प्लॅस्टिकसारखा थर) करू नका. मी रत्नागिरीच्या घरी खालच्या खोलीत केलं. पहिल्याच जुलैत पुऱ्यांसारखे फुगे आले. टाचणी टोचली तर आतून पाणी. खालून ओल येते आणि वर प्लॅस्टिकचं झाकण, जाणार कुठे? कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, तुमची जमीनच खराब.

बेसमेंटवाला
इथे न्यू जर्सीत बेसमेंटला मी स्वतः अ‍ॅसिड स्टेन केलं. सिमेंटमधल्या चुन्याशी त्याची क्रिया होऊन रंग धरतो, म्हणून तो सोलून निघत नाही. पण डबीवरचा रंग आणि जमिनीवरचा रंग यांचा संबंध नसतो. मला विटकरी हवा होता, मिळाला उकळलेल्या चहाचा. जिथे पूर्वी तेल सांडलं होतं तिथे रंगच बसला नाही. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचं, मग सीलर. साहित्यच साडेतीनशे डॉलरचं झालं.

पडवीतला_बाक
साडेतीनशे डॉलर म्हणजे तीस हजार. गेलं यांचं बजेट. आणि आपल्याकडे गेरू असताना हे कशाला?

सिव्हिल७८
गेरू नाही, रेड ऑक्साइड.

पडवीतला_बाक
गेरूतही लोहाचंच ऑक्साइड असतं, साहेब.

सिव्हिल७८
असतं, पण सोबत मातीही असते. कोब्यात माती नको. असो.
ताई, आधी जमिनीवर पाण्याचे थेंब टाका. शोषले गेले तर वर काही धरेल. मग हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवा. आतून घाम आला तर इपॉक्सी, ऑइलपेंट सगळं विसरा. ही परीक्षा मेमध्ये करू नका, कोकणात तेव्हा सगळंच कोरडं. श्रावणात करा.
जुन्या कोब्यावर पातळ लाल थर देऊ नका, पापुद्रे निघतील. जुना फोडून नवा दीड इंच घाला, चार-चार फुटांवर काचेच्या पट्ट्या. रंग सिमेंटच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आतच. जास्त घातला की थर कमजोर होतो.

चकाचक
फोडायचंच आहे तर टाइल्स.

पडवीतला_बाक
१० टक्के? आमचे गवंडी तीन घमेली सिमेंटला एक घमेलं रंग घालायचे. ६० वर्षं टिकलाय.

कोपऱ्यातला_टेबलफॅन
मी पण इपॉक्सीच सांगणार होतो. बाकी आत्तंगुडीच्या हाताने केलेल्या टाइल्स बघा, तमिळनाडूतून येतात. वाहतूक जरा महाग पडते.

गुलमोहर
धागा वर काढतेय. फोडणं, इपॉक्सी, स्टेन काहीच केलं नाही. फोडायचाच खर्च १४ हजार सांगितला. गावातच एक सत्तरीचे गवंडीकाका निघाले. त्यांनी फक्त पडवीला टाचे मारले (थर धरायला छिन्नीने खाचा पाडल्या), धुवून सिमेंटचं पाणी दिलं आणि वर अर्धा इंच लाल थर. सगळ्या पडवीचं सिमेंट आणि रंग एकदमच कोरडे चाळून ठेवले, कारण मधे पुन्हा कालवलं तर छटा बदलते. सकाळी सातला बसले ते दिवेलागणीपर्यंत पत्र्याने घोटत होते, जेवायलासुद्धा उठले नाहीत. दहा दिवस ओली गोणपाटं. पूर्ण वाळल्यावर खोबरेल. पडवी १८ हजारांत. माजघरावर चटई टाकलीय.

सिव्हिल७८, तुम्ही रागवाल, पण तीन महिने झाले, पापुद्रा नाही. एकच प्रश्न: काल कोकमाच्या आगळाची बाटली लवंडली. पुसेपर्यंत पांढरा डाग. कशाने जाईल?

सिव्हिल७८
रागवत नाही, एक पावसाळा अजून जाऊ द्या. डाग धुऊन जाणार नाही. आंबटाने वरचं सिमेंटच खाल्लंय. लिंबू, व्हिनेगर तर मुळीच चोळू नका. बारीक पॉलिशपेपर पाणी लावून डागावर फिरवा, वर लाल मेणपॉलिश. जवळून दिसेलच.

पडवीतला_बाक
आजीच्या कोब्यावर असे चार आहेत. गवंडीकाकांचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करता का?

चकाचक
आमच्या टाइल्सवर आगळ सांडलं तर नुसतं पुसतो.