विषय: एलसीए अडकली आहे, कुणाला अनुभव?

प्रेषक: नवा सभासद (ऑक्टोबर 2025)

नमस्कार मंडळी,
जुनी नोकरी सप्टेंबरात गेली. नवं ऑफर लेटर हातात आहे, पण एच-1बी (अमेरिकेतला नोकरीचा व्हिसा) वाल्यांना नवी नोकरी धरायला मिळणाऱ्या 60 दिवसांतले 22 संपले. वकील म्हणतो, शटडाउनमुळे (खर्चाला मंजुरी नाही म्हणून सरकारी काम ठप्प) लेबर खात्याचं फ्लॅग हे अर्ज भरायचं पोर्टल 1 तारखेपासून बंद, एलसीए (व्हिसाच्या अर्जाआधी मालकाने लेबर खात्याकडून मंजूर करून घ्यायचा पगार-अटींचा अर्ज) भरताच येत नाही. व्हिसाचे अर्ज बघणारं यूएससीआयएस तर चालू आहे! मग घोडं अडलंय कुठे?

प्रेषक: माजी खजिनदार

अरे बाबा, यूएससीआयएस आपण भरतो त्या फीवर चालतं. लेबर खात्याचं तसं नाही. त्याचा पैसा काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, 12 वार्षिक खर्च-विधेयकांपैकी एकातून येतो. लेबर, आरोग्य, शिक्षण, तिन्ही एकाच पोत्यात. आणि हे पोतं नेहमी रखडतं, कारण भांडणाचे विषय त्यातच. गर्भपाताच्या सरकारी खर्चावरची ‘हाइड’ नावाची बंदी 1976 पासून त्यालाच चिकटलेली. आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होतं, पण ऑक्टोबर 2023 ला सुरू झालेल्या 2024 च्या वर्षाच्या पोत्यावर सही झाली मार्च 2024 मध्ये!

गंमत पुढे आहे. 2013 चा शटडाउन 16 दिवसांचा. माझी पर्म (ग्रीन कार्डाआधी लागणारी लेबर खात्याची मंजुरी) त्यात लटकली होती. रोज चहाआधी पोर्टल उघडायचो, तीच एक सूचना. 2018-19 चा तब्बल 35 दिवसांचा, पण एलसीएचं काम चालूच. कारण लेबर खात्याचं हे विधेयक सप्टेंबर 2018 मध्येच संरक्षणखर्चाच्या जोडीने मंजूर झालं होतं. यंदा तसं काही झालेलं नाही.

कागद तयार ठेवायला सांग. पोर्टल उघडलं तरी एलसीएला कामाचे 7 दिवस जातात. उशीर शटडाउनमुळेच झाला, हे अर्जात कसं मांडायचं ते वकिलाला आजच विचार. मी वकील नाही, फक्त पोळलेला माणूस.

प्रेषक: फराळ समितीची ताई

काका, मग सासूबाईंचा सोशल सिक्युरिटीचा चेक?

प्रेषक: माजी खजिनदार

येणार. तो कायमच्या कायद्यातला, दरवर्षी मंजुरी लागत नाही. पण त्या ऑफिसचा कारभाराचा खर्च याच पोत्यातला, तेव्हा फोनवर ताटकळायची तयारी ठेवा. आणि चकलीचा आकडा आज रात्री कळवा हो, भाजणी मोजून दळायची आहे.

प्रेषक: नवा सभासद

आभारी आहे काका. वकिलाला आत्ताच मेल टाकली. माझे दोन डबे धरा, पैसे मात्र एलसीएनंतर!