मालिकांमधील न पटणारे भूप्रदेश: अनुभव धागा

मालिकेत वेशभूषा चुकली किंवा एखाद्या पात्राच्या हातात त्या काळी नसलेली वस्तू दिसली, तर त्यावर लगेच चर्चा सुरू होते. पण पात्रांच्या पायाखालची जमीनच चुकली असेल, तर तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. मला ही उणीव मोठी वाटते, कारण माणसे कुठे वस्ती करतात, काय पिकवतात, कोणत्या वाटेने जातात आणि कशाला भितात, हे पुष्कळ अंशी जमीन, पाणी आणि हवामान ठरवत असते.

एका जागेची कथा दुसऱ्या जागी चित्रित करण्यात मुळात काही गैर नाही. लॉस एंजेलिसमध्ये एका ठरावीक चौकाभोवतीच्या ३० मैल (सुमारे ४८ किलोमीटर) त्रिज्येच्या वर्तुळाला ‘स्टुडिओ झोन’ म्हणतात. त्याच्या आत काम केले, तर कलाकार-तंत्रज्ञांच्या प्रवासाचा आणि मुक्कामाचा जादा खर्च वाचतो, आणि म्हणूनच अमेरिकी मालिकांमधील कितीतरी देश, इतकेच काय परग्रहसुद्धा, त्या वर्तुळात उभे राहिले. प्रश्न बदललेल्या जागेचा नाही. त्या जागेने कथेतील कारणे पुसून टाकली का, हा आहे. आपापल्या विषयाच्या नजरेने पाहताना कोणता भूप्रदेश आपल्याला पटला नाही आणि का, हे इथे सविस्तर लिहावे. बदललेली जागा मनापासून पटली असेल, तर तोही अनुभव हवा आहे.

भूगोलाची शिक्षिका

उत्तर युरोपातील व्हायकिंग दर्यावर्दींवरची ‘व्हायकिंग्ज’ (२०१३ ते २०२०) ही मालिका मी आवडीने पाहिली, परंतु त्यातले कॅटेगट पडद्यावर आले, की माझे मन कथेतून बाहेर येत असे. कॅटेगट हे वास्तवात डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधील समुद्राचे नाव आहे. मालिकेत ते उंच कड्यांच्या कुशीतले, फ्योर्डकाठचे (फ्योर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेल्या दरीत शिरलेला अरुंद, खोल समुद्र) गाव आहे आणि त्याचे चित्रीकरण आयर्लंडमधील विकलो भागात झाले आहे. त्या समुद्राच्या डॅनिश किनाऱ्यावर असे कडे असूच शकत नाहीत. हिमयुगात हिमनद्यांनी नॉर्वेचा कठीण खडक कोरून खोल दऱ्या केल्या, तर डेन्मार्कमध्ये त्यांनी वाहून आणलेली माती, वाळू आणि गोटे पसरून ठेवले. त्या देशातले सर्वांत उंच नैसर्गिक ठिकाण जेमतेम १७१ मीटरचे आहे. स्वीडनमधील उप्साला येथील मंदिरही मालिकेत डोंगरात दाखवले आहे, परंतु जुने उप्साला सपाट मैदानात वसलेले आहे.

याने काय बिघडते, असे मला विद्यार्थी विचारतात, तेव्हा मी त्यांना हेडेबीचे उदाहरण देते. व्हायकिंग काळातील मोठ्या व्यापारी गावांपैकी एक असलेले हे गाव डेन्मार्कच्या जटलंड द्वीपकल्पाच्या अरुंद मानेवर, आज जर्मनीत असलेल्या श्लाय खाडीच्या टोकाशी होते. बाल्टिक समुद्राकडून आलेला माल तिथे उतरवून थोड्याशा सपाट जमिनीवरून पश्चिमेच्या नदीपर्यंत नेता येई आणि पुढे उत्तर समुद्र गाठता येई. उत्तरेच्या टोकाला वळसा घालणारा धोक्याचा सागरी प्रवास त्यामुळे टळत असे. मधे डोंगर असते, तर हे गाव तिथे उभेच राहिले नसते. त्या लोकांचा व्यापार आणि त्यांची सत्ता सपाटीतून आली होती, आणि ती सपाटीच मालिकेने डोंगरांच्या सौंदर्यासाठी सोडून दिली.

वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक

‘लिटल हाऊस ऑन द प्रेअरी’ (१९७४ ते १९८३) ही मालिका मिनेसोटातील वॉलनट ग्रोव्ह या गावात घडते. तिचे बाह्यचित्रीकरण मात्र कॅलिफोर्नियातील सिमी व्हॅलीजवळच्या बिग स्काय रँच येथे, म्हणजे वर उल्लेख केलेल्या वर्तुळातच झाले. कॅलिफोर्नियाच्या त्या भागात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, त्यामुळे टेकड्यांवरचे गवत उन्हाळ्यात वाळून सोनेरी होते. शिवाय त्यातले बरेचसे गवत युरोपातून आलेले, वर्षायू, म्हणजे एकाच वर्षात आयुष्य संपवणाऱ्या, जातीचे आहे. मिनेसोटात याच्या नेमके उलट घडते. तिथे पावसाचा मोठा भाग उन्हाळ्यात पडतो, मूळचे उंच बहुवर्षायू गवत त्या दिवसांत हिरवेगार असते आणि हिवाळ्यात सर्व काही बर्फाखाली जाते. मालिकेतल्या त्या सोनेरी टेकड्या दिसल्या, की महिना कोणता आणि शेतकरी कोणत्या कामात असायला हवा, याचा माझा हिशेब जुळेनासा होतो.

याहून महत्त्वाची गोष्ट झाडांची आहे. प्रेअरीवर, म्हणजे त्या विस्तीर्ण गवताळ मैदानावर, झाडे फक्त ओढ्या-नद्यांच्या काठी असत, म्हणून तिथे आलेल्या वसाहतकऱ्यांना गवताच्या मुळांनी घट्ट बांधलेल्या मातीचे ठोकळे कापून घरे बांधावी लागली, काहींनी तर ओढ्याच्या दरडीत खोदलेल्या खोल्यांमध्ये दिवस काढले. ज्या कुटुंबाच्या आठवणींवर ही मालिका आधारलेली आहे, तेही वॉलनट ग्रोव्हजवळ आधी अशाच खोदलेल्या घरात राहिले होते. मालिकेत मात्र टेकडीच्या उतारावर लाकडी घर आहे आणि गावात लाकूड कापण्याची गिरणीही आहे. १८७३ ते १८७७ या काळात टोळधाडींनी मिनेसोटातील पिके पुन्हा पुन्हा फस्त केली. क्षितिजापर्यंत कुठेही आडोसा नसलेल्या मैदानात टोळांचा ढग येताना पाहणे काय असेल, हे टेकड्यांच्या सुरक्षित कोंदणात समजत नाही. त्या माणसांच्या धैर्याचे मोल त्या उघड्या मैदानामुळेच होते, आणि म्हणून इथला बदल मला फार खुपतो.

हौशी आकाशनिरीक्षक

मी मालिका पाहताना सावल्यांकडे पाहतो. ‘मर्डर, शी रोट’ (१९८४ ते १९९६) मधील कॅबट कोव्ह हे गाव मेन राज्याच्या अटलांटिक किनाऱ्यावर आहे, परंतु बाह्यचित्रीकरण कॅलिफोर्नियातील मेंडोसिनो येथे झाले. घरे अगदी योग्य वाटतात, कारण मेंडोसिनो वसवणाऱ्यांमध्ये न्यू इंग्लंडहून (मेन ज्यात येते त्या ईशान्य अमेरिकेतून) आलेले लोक होते आणि त्यांनी आपल्या पद्धतीची घरे तिथे बांधली. समुद्र मात्र चुकीच्या बाजूला आहे. पश्चिमेकडच्या किनाऱ्यावर दुपारनंतरचा प्रकाश पाण्याकडून येतो, मेनमध्ये तो जमिनीकडून यायला हवा.

भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक

वास्केझ रॉक्स हे लॉस एंजेलिसच्या उत्तरेला असलेले खडक परग्रह म्हणून अनेकदा वापरले गेले आहेत. ‘स्टार ट्रेक’च्या १९६७ सालच्या ‘अरीना’ या भागात अंतराळयानाचा कप्तान तिथेच परग्रहवासीयाशी झुंजतो. ते तिरके, आकाशात घुसलेले सुळके प्रेक्षकाला विचित्र वाटतात, पण माझ्यासारख्याला त्यात वाहत्या पाण्याचा इतिहास दिसतो: सुमारे २.५ कोटी वर्षांपूर्वी प्रवाहांनी आणलेली वाळू आणि गोटे थराथरांनी साचले आणि पुढे भ्रंशांच्या (खडकांतील मोठ्या भेगांच्या) हालचालींनी ते थर कलंडले. अशा खडकात कप्तानाला गंधक आणि हिरे दोन्ही सापडतात. गंधक सहसा ज्वालामुखीजवळ मिळते आणि हिरे भूपृष्ठाखाली दीडशेहून अधिक किलोमीटर खोलीवर तयार होतात, त्यामुळे एरवी मी ही मांडणी नाकारली असती. परंतु तो ग्रह एका प्रगत जमातीने या झुंजीसाठीच सज्ज केला आहे, असे कथेतच सांगितले आहे. कथेने कारण दिले, म्हणून मला तो भाग पटतो.

बैरूतमध्ये नोकरी केलेली वाचक

‘होमलँड’ या अमेरिकी हेरकथेच्या २०१२ सालच्या दुसऱ्या पर्वात बैरूतमधील हमरा रस्ता बंदूकधाऱ्यांनी वेढलेल्या गल्लीसारखा दाखवला होता, आणि ते चित्रीकरण झाले होते इस्राएलमध्ये. मी ज्या हमरा रस्त्यावरून रोज कामाला जात असे, तो दुकाने, कॅफे, पुस्तके आणि विद्यार्थी यांनी गजबजलेला होता. लेबनॉनच्या तेव्हाच्या पर्यटनमंत्र्यांनी कायदेशीर कारवाईचा इशारा दिला होता, आणि त्यांचा संताप मला पूर्णपणे समजला. वर लिहिलेल्या अनुभवांमध्ये झाडे, खडक आणि दिशा बदलल्या आहेत. इथे मात्र जिवंत माणसांच्या शेजाराची ओळख बदलली गेली, आणि ज्यांनी तो रस्ता कधी पाहिला नाही अशा असंख्य प्रेक्षकांच्या मनात तीच ओळख राहून गेली. याच मालिकेच्या चौथ्या पर्वात केप टाऊनला इस्लामाबाद केले गेले. मर्गल्ला टेकड्यांच्या पायथ्याशी, १९६०च्या दशकात आखून बांधलेले ते शांत, रुंद रस्त्यांचे शहर त्यातून ओळखू येत नाही.

रंगसंयोजनाचे काम करणारी तंत्रज्ञ

वरील अनुभवाला जोडून लिहिते. भूप्रदेश रंगानेही बदलता येतो. ‘ब्रेकिंग बॅड’मध्ये मेक्सिकोतील प्रसंग पिवळट छटेत दिसतात, तर न्यू मेक्सिकोतील आकाश निळे राहते. सीमेच्या दोन्ही बाजूंना तेच वाळवंट, तेच ऊन आणि तीच हवा आहे. प्रेक्षकाला देश चटकन ओळखता यावा, हा हेतू मी समजू शकते. तरीही गरीब किंवा धोकादायक ठरवलेल्या देशांनाच ही छटा वारंवार मिळावी, हे मला माझ्या व्यवसायाचे अपयश वाटते.

पक्षिनिरीक्षक

भूप्रदेशात आवाजही येतो. अमेरिकी मालिकांमध्ये पांढऱ्या डोक्याचा गरुड दिसला, की बहुधा तांबड्या शेपटीच्या ससाण्याची किंकाळी ऐकवली जाते, आणि कुठल्याही खंडातल्या जंगलात ऑस्ट्रेलियाचा कुकाबरा पक्षी हसतो. स्थानिक पक्ष्यांचे ध्वनिमुद्रण आज सहज मिळते, त्यामुळे ही चूक टाळणे अवघड नाही.

चित्रीकरणस्थळे शोधण्याचे काम करणारा वाचक

सर्वांचे अनुभव वाचून माझ्या कामाची बाजू मांडतो. आम्ही रेकीला, म्हणजे चित्रीकरणापूर्वी जागा पाहायला, जातो तेव्हा दृश्य कसे आहे याबरोबरच सूर्य कोणत्या बाजूने फिरतो, जनरेटर व्हॅन कुठपर्यंत पोहोचेल, रस्त्याचा आवाज किती येतो, विजेचे खांब चौकटीत येतात का, परवानगी कोणाकडून घ्यायची आणि पाऊस आला तर युनिटला आसरा कुठे, हे सर्व पाहावे लागते. इतक्या अटी पूर्ण करणारी जागा मिळाली, की मातीचा रंग किंवा झाडाची जात यासाठी ती सोडायला कोणी तयार होत नाही.

तरीही चांगले काम होते. ‘चेर्नोबिल’ (२०१९) लिथुआनियात चित्रित झाली. तिथल्या इग्नालिना अणुवीज केंद्रात चेर्नोबिलच्याच प्रकारच्या अणुभट्ट्या होत्या आणि ते २००९ साली बंद झाले होते. चेर्नोबिल केंद्राच्या कामगारांच्या प्रिप्यात शहरासाठी विल्नियसमधील सोव्हिएत काळातील एक वसाहत निवडली गेली. देश वेगळा असला, तरी त्या इमारती एकाच राजवटीच्या एकाच आखणीतून उभ्या राहिल्या होत्या, आणि कथा त्या राजवटीचीच होती. कोरियन युद्धावरच्या ‘मॅश’मध्ये कोरियाच्या जागी मालिबूच्या टेकड्या होत्या; १९८२ साली वणव्याने तिथला सेट जळाला, तेव्हा निर्मात्यांनी ती आग १९८३च्या अखेरच्या भागाच्या कथेत घेतली. ‘मालगुडी डेज’साठी दिग्दर्शक शंकर नाग यांनी कर्नाटकातील आगुंबे निवडले. मालगुडी हे काल्पनिक गाव असल्यामुळे तिथला मुसळधार पाऊस आणि कौलारू घरे कोणत्याही नकाशाशी भांडत नाहीत. रेल्वेचे प्रसंग ज्या अरसाळू स्थानकात चित्रित झाले, तिथल्या जुन्या इमारतीत आता मालगुडी संग्रहालय आहे.

संहिता हाती आल्यावर मी लेखकाला आता एकच प्रश्न आधी विचारतो: या प्रसंगात जमिनीमुळे काय घडते? त्याने नदीमुळे वाट अडते किंवा सपाटीमुळे लपायला जागा नाही असे सांगितले, तर ती गोष्ट रेकीच्या यादीत जनरेटर व्हॅनच्याही वर जाते, आणि तिच्यासाठी दिग्दर्शकाशी वाद घालायची माझी तयारी असते.