सामायिक एक्स-रे केंद्रांतून कंपन्यांना हाकला म्हणे!

खडकवाचक: परवा इथे कुणीतरी लिहिलं, "सार्वजनिक पैशांची एक्स-रे इमेजिंग केंद्रं फक्त संशोधकांसाठी ठेवा, कंपन्या आमचा वेळ खातात." दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. मी जिथे वालुकाश्म स्कॅन करतो (नमुना फिरवत शेकडो एक्स-रे घेऊन आतलं त्रिमितीय चित्र बनवतो), तिथला देखभालीचा खर्च कंपन्यांच्या फीमधून निघतो. एक्स-रे ट्यूबमधला फिलामेंट जळतो, टार्गेटला खड्डा पडतो. यंत्र घ्यायला अनुदान मिळतं, चालवायला कोण देतं? फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या ईएसआरएफ या मोठ्या एक्स-रे केंद्रातही दोन्ही दारं उघडी आहेत. निष्कर्ष प्रसिद्ध करणार असाल आणि तज्ज्ञांनी प्रस्ताव निवडला, तर बीमटाइम, म्हणजे किरण वापरायचा वेळ, फुकट. गुप्त ठेवायचे असतील तर पैसे मोजा. यात गैर काय?

ओलं_लाकूड: ते मीच लिहिलं होतं. तीन महिने थांबून मिळालेला माझा स्लॉट एका कंपनीच्या 'अर्जंट' कामासाठी पुढे ढकलला. नमुना म्हणजे पाण्यात जपलेलं जुनं लाकूड. पुढची तारीख येईपर्यंत त्याला बुरशी लागली. ते लाकूड मी पुन्हा कुठून आणू? रॉन्टगेनने 1895 मध्ये एक्स-रे शोधले आणि पेटंट घेतलं नाही. सगळ्यांच्या उपयोगी पडावेत म्हणूनच ना?

ओतकाम: सगळ्यांच्या म्हणजे आमच्याही. कंपनी म्हटलं की तुम्हाला राक्षसच दिसतो. आम्ही बारा माणसं आहोत. अ‍ॅल्युमिनियमच्या कास्टिंगमध्ये पोकळी कुठे आहे ते कापून बघितलं तर तो भाग गेला, म्हणून स्कॅन. दिवसभराची फी भरली, आणि नंतर कळलं की 10 सेंटिमीटरचा भाग रुंदीला 2000 पिक्सेलच्या डिटेक्टरवर बसवला की व्हॉक्सेल, म्हणजे चित्रातला सगळ्यात छोटा ठोकळा, 50 मायक्रॉनचा येतो. आम्हाला 5 मायक्रॉनच्या पोकळ्या हव्या होत्या. आधी कुणी सांगितलं का? नाही.

खडकवाचक: आणि विज्ञान-उद्योग वेगळे काढणार कसे? 2015 मध्ये ईएसआरएफमध्येच लिथियम-आयन सेल तापवून फुटेपर्यंत आतून चित्रित केले. सेल बाजारातले, निबंध सर्वांसाठी खुला.

तांब्याचा_फिल्टर: मी असं यंत्र चालवतो. तुम्ही तासांवरून भांडताय. यंत्र रात्रभर चालेल, मी चालेन का? ओल्या लाकडाचंच घ्या. नुसतं फोममध्ये खोचून ठेवलं की स्कॅन चालू असताना सुकतं, आकसतं आणि प्रत्येक कड दुहेरी दिसते. दोन तास वाया. कास्टिंगसाठी किरण गाळायला समोर तांब्याचा पत्रा किती जाड लावायचा, हे पुस्तक बघून जमत नाही. ओतकाम, तुम्हाला कुणी सांगितलं नाही कारण सांगणाऱ्याचं कंत्राट वर्षावर्षाचं असतं आणि अनुभवी माणूस टिकत नाही. निबंधात आमचं नाव आभारातही नसतं.

खडकवाचक: हा विषयच वेगळा. बटण दाबलं म्हणून सहलेखक करायचं का?

तांब्याचा_फिल्टर: बटण? गेल्या वर्षी एका गटाच्या चित्रांत आलेली गोल कडी त्यांनी झाडाचं वाढवलय समजून मोजली. ती नमुना फिरताना डिटेक्टरच्या एका बिघडलेल्या पिक्सेलने उमटवलेली होती. मी थांबवलं नसतं तर छापून आली असती. पुन्हा बटण म्हणू नका.

ओलं_लाकूड: खडकवाचक, शब्द मागे घ्या. माझे पहिले दोन स्कॅन असेच दुहेरी कडांचे आले. तिसरा जमला तो तिथल्या बाईंमुळे, आणि निबंधात त्यांचं नाव मी घातलं नाही. त्याची लाज वाटते.

खडकवाचक: 'बटण' मागे घेतलं. पण कुणी प्रयोगाची आखणीच बदलली असेल तरच सहलेखक, एरवी आभार. यापुढे मी सरकणार नाही.

ओतकाम: आमच्या फीमधून अशा माणसाचा पगार कायम होणार असेल तर जास्त द्यायला तयार आहे. नुसत्या नव्या ट्यूबसाठी नाही.

ओलं_लाकूड: ठीक, कंपन्या राहू देत. पण नाशवंत नमुन्याचा स्लॉट कुणासाठीही हलवायचा नाही, यावर मी ठाम आहे. फिल्टर, लाकूड सुकू नये म्हणून पॅराफिल्मचे (मेणचट, ताणली जाणारी फिल्म) किती पदर गुंडाळू?

तांब्याचा_फिल्टर: दोन, ताणून. आणि नमुना आदल्या संध्याकाळीच आणून ठेवा, खोलीच्या तापमानाला येऊ दे.