३२ की ४३? एचडी रेडी, फुल एचडी की ४के? (बजेट २० हजार)

निळी_छत्री
नमस्कार मंडळी. सासूबाईंच्या खोलीत टीव्ही घ्यायचाय. २० हजारांच्या वर जाणार नाही. पलंगापासून भिंत सहा फूट, शोकेसचा कप्पा ८२ सेंमी रुंद. डिशवर मराठी मालिका, आणि महिनाअखेरीला लॅपटॉप जोडून एक्सेल बघायची असते. दुकानदार तीन प्रकार दाखवतो, फरक काही सांगत नाही. कोणता घेऊ?

गच्चीवरचा_वारा
थेट ५५ इंची ४के. आमच्याकडे तोच आहे, क्रिकेटला तोड नाही! सप्टेंबर २०२५ पासून ३२ च्या वरच्या टीव्हींचा जीएसटीही २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. थोडं बजेट वाढवा, ईएमआय करा.

तांब्याची_तार
ताई, आधी आकडे बघू.
एचडी रेडी म्हणजे १३६६×७६८, साधारण साडेदहा लाख ठिपके. फुल एचडी १९२०×१०८०, पावणेएकवीस लाख. ४के ३८४०×२१६०, जवळपास ८३ लाख.

पण डिशचा साधा एसडी चॅनेल येतो ७२०×५७६ मध्ये. तो ४के वर लावला की एका ठिपक्याची माहिती वीस ठिपक्यांवर पसरते. मालिकेतल्या साडीचे काठ विरघळल्यासारखे दिसतात ते त्यामुळे, टीव्ही खराब म्हणून नव्हे. एचडी चॅनेल १०८० ओळींत येतो. म्हणून पहिला खर्च एचडी पॅकवर. आणि सेट-टॉप बॉक्स एचडीएमआय केबलनेच जोडा. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांतून एचडी जातच नाही.

अंतराचं गणित: चांगल्या नजरेला फुल एचडीचे ठिपके पडद्याच्या उंचीच्या सुमारे ३.२ पटीपर्यंत वेगळे कळतात, ४केचे १.६ पटीपर्यंत. ४३ इंचीची उंची ५३-५४ सेंमी. म्हणजे फुल एचडीला साडेपाच फूट, ४केला पावणेतीन. सहा फुटांवरून ४केचे जादा ठिपके दिसणार नाहीत. माझं मत: ४३ फुल एचडी.

मोहरीची_फोडणी
४केच घ्या. पुढची दहा वर्षं बघायची नाहीत का? नेटफ्लिक्स ४के किती सुंदर दिसतं!

तांब्याची_तार
त्याला सगळ्यात महागडा प्लॅन लागतो, स्टँडर्डमध्ये १०८० च मिळतं. शिवाय ४के साठी १५ एमबीपीएसचं नेट. आणि इथे नेटफ्लिक्सचा विषयच नाही, डिशचा आहे.

मोहरीची_फोडणी
आज नसेल, उद्या घेतील की.

कुलूपकिल्ली
खोक्यावरच्या 'फुल एचडी सपोर्ट', '४के प्लेबॅक' या शब्दांवर जाऊ नका, संताप येतो अक्षरशः. त्याचा अर्थ एवढाच की आतली चिप तशी फाइल वाचते. पॅनल, म्हणजे खरा पडदा, ७६८ चाच असू शकतो. स्पेसिफिकेशनमध्ये 'पॅनल' किंवा 'डिस्प्ले रिझोल्यूशन'समोरचा आकडा बघा.

दुकानात तपासायचं तर पेंटमध्ये १९२०×१०८० चं चित्र करा, एक ठिपका जाड काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघा, पीएनजी म्हणून सेव्ह (जेपीजीत रेघा मळतात). पेन ड्राइव्हवरून लावा, झूम नको. खऱ्या फुल एचडीवर रेघा शेवटपर्यंत सारख्या दिसतात, ७६८ वर करड्या लाटा उमटतात. ४के टीव्हीला ही परीक्षा लावू नका, बरेच टीव्ही फोटो १०८० मध्येच बनवून ताणतात.

एक्सेलसाठी एचडी रेडी नकोच. लॅपटॉप १०८० पाठवतो, टीव्ही ते ७६८ त दाबतो, आणि ३ आणि ८ मधला फरक ओळखू येत नाही.

गच्चीवरचा_वारा
५५ वर एक्सेल अप्रतिम दिसते. शोकेस काढून भिंतीवर लावा.

कुलूपकिल्ली
४३ सुद्धा ९६ सेंमीच्या आसपास रुंद असतो, कप्प्यात बसणार नाही. भिंतीवर लावून ४३ घ्या, मीही तेच म्हणेन.

निळी_छत्री
सर्वांचे आभार. शोकेस काढायचं नाही, सासूबाईंचे देव त्यातच वरच्या कप्प्यात आहेत. ३२ इंची फुल एचडी नक्की केला, पॅनल १९२०×१०८० लिहिलेला. रुंदी ७२ सेंमी, बसतो. उरलेल्या पैशांत एचडी पॅक.

मोहरीची_फोडणी
३२ मध्ये फुल एचडी कळतच नाही. पैसे वाया.

तांब्याची_तार
लॅपटॉपची अक्षरं कळतील. खुर्ची चार फुटांवर ओढा. पिक्चर साइज 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' करा, नाहीतर कडा कापल्या जाऊन टास्कबार दिसणार नाही. इनपुटचं नाव 'पीसी' ठेवा, शार्पनेस कमी करत न्या, अक्षरांभोवतीची पांढरी कड गेली की थांबा. बॉक्सच्या सेटिंगमध्ये आउटपुट १०८० करायला विसरू नका, तो कधीकधी ५७६ वरच राहिलेला असतो.

कुलूपकिल्ली
एचडी चॅनेलचा नंबर बहुधा वेगळा असतो. सासूबाई जुनाच नंबर दाबतील आणि एसडीच बघत बसतील. तेच चॅनेल एसडी पॅकमधून काढून टाका, दोन्हीचे पैसे लागतात. आणि रोजचे चार-पाच फेव्हरिट्समध्ये घालून द्या.