पहिलीतला खेळ आणि गणित

‘खेळतच बसली तर पोरं बेरीज कधी शिकणार?’ ही पालकांची काळजी खरी आहे, पण खेळ म्हणजे मोकळा तास नव्हे. चिंचोके फोडून त्यांच्या डाळी करा. एक बाजू पांढरी, दुसरी तपकिरी. दहा डाळी मुठीत घेऊन जमिनीवर टाकायच्या. सहा पांढऱ्या, चार तपकिरी. पुन्हा टाका, सात आणि तीन. थोड्या वेळाने मुलं पांढऱ्या तेवढ्या मोजतात आणि तपकिरी न मोजताच सांगतात. वजाबाकीचं चिन्ह अजून फळ्यावर आलेलंही नसतं! एखादं मूल मोजताना नऊनंतर थेट अकरा म्हणालं, तर शेजारचंच त्याला पकडतं. ते वहीत होत नाही.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळच्या बोर्डी-कोसबाडला शंख-शिंपले, बिया, पानं घेऊन हेच केलं, म्हणजे हे काही २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने आणलेलं नवं खूळ नाही. पहिलीच्या सुरुवातीचा तीन महिन्यांचा ‘विद्याप्रवेश’ हा शाळेच्या तयारीचा कार्यक्रमही खेळावरच बेतलेला आहे. माझ्या मते तीन महिने अपुरेच. अडचण वेगळीच आहे: चाळीस मुलं आणि एक बाई असतील, तर प्रत्येक गटात काय चाललंय ते बघणार कोण? पालकसभेत वह्या किती भरल्या याऐवजी हे विचारा.